कुशीचा उतार

तालायनं रिमोटवरचं कुठलंसं बटण दाबलं आणि टीव्हीतली माणसं एकदम बारीक झाली. इतका वेळ सगळीच फुगलेली दिसत होती. बर्मेतची आई भिजवून ठेवलेल्या पिठासारखी, वडिलांचे गाल भोपळ्याचे, आणि पाठवणीच्या पांढऱ्या रुमालाखाली रडणारी पंधरा वर्षांपूर्वीची बर्मेत तर कुणाच्या तरी मावशीसारखी. 'बघ, मी काही फसलो नव्हतो. मुलगी सडपातळच होती,' तालाय म्हणाला आणि नेहमीप्रमाणे आपल्या विनोदाला आपणच हसला. जुनी कॅसेट जुन्या चौकोनी टीव्हीच्या मापाची होती, नव्या रुंद पडद्यावर ती आडवी ताणली जात होती, एवढीच गोष्ट. हसायला म्हणून बर्मेतनंही तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. ती माणसांकडे बघत नव्हती. माणसांच्या मागे माहेरचं पत्र्याचं घर होतं आणि घरामागे डोंगर होता. इतका वेळ तो पोटभर जेवून आडवा झालेल्या म्हाताऱ्यासारखा निवांत पडला होता. बटण दाबल्यावर माणसांबरोबर तोही बारीक झाला, आणि उठला. त्याचा उतार थेट घराच्या छपरावर आला.

'परत कर,' ती म्हणाली.

'काय परत करू?'

'मघासारखं. जाडं.'

त्यानं केलं. डोंगर आडवा झाला. 'आता बारीक,' ती म्हणाली. डोंगर उठला. 'आता पुन्हा जाडं.' चार-पाच वेळा असं झाल्यावर तालायनं रिमोट तिच्या मांडीवर ठेवला. 'घे बाई, तूच खेळ,' तो म्हणाला आणि चहा आणायला स्वयंपाकघरात गेला. त्याचा बिचाऱ्याचा हेतू चांगला होता. खरं तर आज ती दोघं गावी असायची. बर्मेतच्या धाकट्या भावाच्या, कालिसच्या मुलानं, आलिनूरनं, पाऊल टाकलं होतं, आणि पाऊल टाकलेल्या पोराच्या पायांना काळ्या-पांढऱ्या लोकरीची दोरी बांधून धावण्याच्या शर्यतीत पहिल्या येणाऱ्याच्या हातून ती कापायचा आज समारंभ होता. भेटीच्या पिशव्या भरून दारापाशी ठेवलेल्या होत्या. पण घाटात बर्फाचा कडा कोसळला, रस्ता बंद झाला, आणि बिश्केकच्या चौथ्या मजल्यावर तोंड पाडून बसलेल्या बायकोचा जीव रमावा म्हणून तालायनं ही कॅसेट शोधून काढली होती. जीव रमवायला माणसं काय काय काढून ठेवतात पुढ्यात.

तिनं रिमोटला हात लावला नाही. पडद्यावर डोंगर आता आडवाच होता आणि तिला तो ओळखीचा वाटत होता. लहानपणापासूनच्या ओळखीचा नव्हे, ऑफिसातल्या ओळखीचा. दरडींच्या धोक्याचे नकाशे करणाऱ्या संस्थेतल्या तिच्या संगणकावर तो असाच पडलेला असायचा, हिरवा, सौम्य, निरुपद्रवी. उपग्रहानं मोजलेल्या उंचीचे हजारो चौकोन, एका चौकोनाला एक उंची, शेजारच्या चौकोनाशी वजाबाकी केली की उतार. हे चौकोन मीटरांवर पाडलेले नसतात, पृथ्वीच्या अंशांवर पाडलेले असतात, हे तिला कॉलेजात असल्यापासून माहीत होतं. खरबुजाच्या फाका मधे रुंद आणि टोकाकडे निमुळत्या होतात तशा अंशांच्या उभ्या रेषा उत्तरेकडे जवळ जवळ येत जातात, हेही माहीत होतं. विषुववृत्तावर जो चौकोन तीस मीटर बाय तीस मीटर, तो तिच्या माहेराजवळच्या उझगेन शहराच्या वर येईपर्यंत दक्षिणोत्तर तीसच राहतो, पूर्व-पश्चिम मात्र आक्रसून तेवीस होतो. परीक्षेत लिहिलं होतं तिनं हे, गुणही मिळाले होते. आणि संस्थेतली गणिताची चौकट, जिच्यातून देशाच्या साऱ्या दक्षिण भागातल्या डोंगरांचे उतार निघाले, ती तयार आली होती, विषुववृत्तावरच्या कुठल्याशा बेटांसाठी बनवलेली. तिच्यात तीस बाय तीस लिहिलेलं होतं. बेटांवर ते खरं होतं. इथं कुणी ते उघडून बघितलं नाही. चौकोन म्हटला की तो चौरसच असायचा, हे कुणी कुणाला विचारायचं? तेवीस मीटरांत चढलेली उंची यंत्रानं तीस मीटरांवर ताणून पसरली, आणि डोंगर जाडा झाला. खरं म्हणजे उत्तरेकडच्या माणसांचं नशीब चांगलं, त्यांचा चौकोन अरुंद, म्हणजे त्यांना त्याच जमिनीचा तपशील जास्त बारीक दिसायला हवा. जास्त बारीक दिसत होतं आणि कमी दिसलं. चोवीस अंश लिहिलेला उतार, ती मनात आकडे फिरवू लागली, मग थांबली, कारण उत्तर समोर टीव्हीत उभं राहून गेलं होतं. तिशीच्या पुढे. पंचवीसच्या वर असलेल्या उतारांखाली धोक्याची लाल रेघ मारायची असा नियम होता.

पण मोजलं होतं की आपण. ही आठवण बुडत्याला काडी मिळावी तशी आली आणि लगेच तिच्या हातात मोडली. दोन वर्षांपूर्वीचा उन्हाळा, जीप, पाठीला चिकटलेले शर्ट, डोळ्याला लावायचं उतार मोजायचं छोटं यंत्र. नकाशा खरा की खोटा हे जागेवर जाऊन पडताळायला तिलाच पाठवलं होतं, तिकडचीच मुलगी म्हणून. एकेका डोंगरापाशी थांबून त्यांनी दोन्ही बाजू मोजल्या. दोन्ही म्हणजे कोणत्या, हे कुणी विचारलं नाही, कारण डोंगराला बाजू किती हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. उन्हाची ती कुंगोय, सावलीची ती तेस्केय. कुंगोयवर बर्फ आधी वितळतं, तेस्केयवर देवदार वाढतात. हिवाळ्यात मेंढरं कुंगोयला, उन्हाळ्यात तेस्केयला. सूर्याच्या तोंडची आणि सूर्याच्या पाठची, दक्षिणेकडे बघणारी आणि उत्तरेकडे बघणारी, संपला डोंगर. यंत्राची चूक दक्षिणोत्तर दिशेत नव्हतीच. कुंगोय जुळली, तेस्केय जुळली, अंशाचाही फरक नाही. जीपवाल्यानं घोडीच्या आंबवलेल्या दुधाची बाटली उघडली आणि सगळ्यांनी उपग्रहाच्या नावानं घोट घेतला. जुळतंय म्हणजे काय, घड्याळासारखं जुळतंय! पूर्वेला आणि पश्चिमेला तोंड करून असलेल्या उतारांना त्या भाषेत नाव नव्हतं. ज्याला नाव नाही ते मोजायचं राहून जातं. त्यांना फार तर आपापल्या गावाचं टोपणनाव असतं. तिच्या माहेरी, बोझ-कोलोतला, घरामागच्या पश्चिम उताराला म्हणत जांबाश. जांबाश म्हणजे माणूस आडवा होतो तेव्हा खाली येते ती कूस. डोंगर कुशीवर झोपलाय, त्याला उठवू नका, असं आई लहानपणी सांगायची. कुशीचं कोण माप घेतं?

तालायनं चहाचा पियाला समोर ठेवला. 'रडतेयस की काय?' त्यानं विचारलं. ती रडत नव्हती. तिनं फोन उचलला.

कालिसनं पाचव्या की सहाव्या घंटेला घेतला. मागे तेलात बोर्सोकच्या पुऱ्या तळल्याचा चरचराट, बायकांचा कलकलाट, कुणीतरी वाजवून बघत असलेला स्पीकर. 'एजे! रस्ता उघडला?' तो ओरडला. एजे म्हणजे ताई, जशी आई म्हणजे अपा. चाळिशीला आला तरी ही हाक तो अजून धावत आल्यासारखी मारायचा.

'नाही उघडला. कालिस, ऐक. नीट ऐक. आज रात्री तिथं झोपू नका. पाहुणे गेले की अपाला घे आणि खाली जा.'

'खाली कुठं?'

'कुठंही. जांबाशचा उतार चुकलाय माझा.'

'घसरलीस का काय?' तो हसला. तिनं सांगायला सुरुवात केली. चौकोन, अंश, तेवीस आणि तीस. सांगताना तिलाच ते पोरकट वाटायला लागलं. फोडणी करपतेय म्हणून कुणीतरी नाझिकला, त्याच्या बायकोला, हाक मारत होतं. 'म्हणजे डोंगर तेव्हा जाडा होता आणि आता बारीक झाला,' तो म्हणाला. 'एजे, आमच्याकडे माणसं जाडी-बारीक होतात. डोंगर आहे तिथंच आहे.'

'वर भेगा पडल्यात का? गवतात?'

'एक होती. मार्चात. शेजाऱ्याचं वासरू अडकलं तिच्यात. आम्ही ओढून काढलं आणि माती टाकून बुजवली.'

'केवढी लांब?'

'मी कशाला मोजू? मोजायला तू आहेस ना घरात,' तो म्हणाला. त्याला टोमणा मारायचा नव्हता, म्हणूनच तो लागला. मग आवाज खाली आणून, बहुधा स्वयंपाकघरातून अंगणात येऊन, म्हणाला, 'जायचं कुठं, ते तरी सांग. रेघेच्या आतले होते त्यांना खाली सपाटीवर जमिनी मिळाल्या, गेले ते. आपण बाहेर. तूच तर फोन करून सांगितलंस, बिनधास्त बांध म्हणून. बांधली खोली. आणि मी शेंडेफळ, धाकट्यानंच घर सांभाळायचं. तुला पांढरा रुमाल घालून वाटेला लावलं. मला आई-बापाच्या चुलीला बांधून ठेवलंय. माझी दोरी कोण कापणार?' मग स्वतःच हसला. 'आज नको, एजे. साठ माणसं आहेत. अपाला तर अजिबात सांगू नकोस, रक्तदाब वाढेल. संध्याकाळी बोलू.'

संध्याकाळी. तिनं खिडकीतून बघितलं. बिश्केकवर लख्ख ऊन होतं, खाली कुणीतरी गाडी धूत होतं. दक्षिणेत मात्र आठवडाभर पाऊस होता, तो आज सकाळपासून थांबला होता, अंगणात मांडव घालता येईल म्हणून सगळे खूश होते. तिला ती गावातली सभा आठवायला लागली, आठवायची नसताना. शाळेच्या मैदानात नकाशा फळ्याला टाचणीनं लावलेला. म्हातारे टोप्या सरळ करून पुढे बसलेले. ती लाल रेघेवरून बोट फिरवत होती आणि बोट माहेराच्या घराच्या अलीकडूनच वळलं तेव्हा आईनं सगळ्यांदेखत दोन्ही तळहात तोंडावरून फिरवून अल्लाचे आभार मानले होते. नंतर कित्येक दिवस आई विहिरीवर सांगत होती, माझी मुलगी वरून बघते. आकाशातून. रेघेच्या आत असलेल्या दोन घरांनी सपाटीवरची जमीन नाकारली होती, कारण बर्मेतची आई जिथं राहते त्याच्या शेजारी राहायला कसली भीती? दुरून डोंगर साजरे म्हणतात, आणि तिनं तर त्याहून दूरचं कुठलं ठिकाण ठेवलंच नव्हतं.

संस्थेचे प्रमुख कुबात असानोविच त्यांच्या शहराबाहेरच्या बागेत सफरचंदाच्या बुंध्यांना चुना लावत होते. माणूस मूर्ख नव्हता. ती दोन वाक्यं बोलली आणि त्यांना कळलं, इतकं लवकर कळलं की तिला वाटलं, यांनाही कधीतरी शंका आली असावी. त्यांनी ब्रश डब्यात टाकल्याचा खडखडाट आला.

'पूर्व-पश्चिमचे सगळेच?' त्यांनी विचारलं.

'सगळेच.'

'कुंगोय-तेस्केय सुटले?'

'ते बरोबरच आहेत. म्हणून तर कळलं नाही.'

'बर्मेत, आज मी रेघ हलवली तर उद्या शंभर गावं माझ्या दारात. द्यायला जमीन नाही. शरदात आयोग बसेल तेव्हा नवा नकाशा मांडू.'

'शरदात चिखल वाळलेला असेल, कुबात असानोविच. माझी आई तिथं आहे. आज साठ माणसं आहेत घरात. वर भेग आहे.'

पुन्हा डबा खडखडला. 'बरं,' ते म्हणाले, आणि आवाज खरोखरच उतरला होता त्यांचा. 'तिकडच्या आपत्ती कचेरीत ड्यूटीवर कुणी असेल त्याला आत्ता फोन करतो. माझ्या जबाबदारीवर.' तिनं आभार मानले. फोन ठेवता ठेवता ते म्हणाले, 'पण तुला माहीत आहे ना, तो काय करेल? गावाचं नाव ऐकेल, भिंतीवरचा नकाशा बघेल. नकाशा आपलाच आहे. त्यात बोझ-कोलोत हिरवं आहे.'

आणि तसंच झालं. त्यांचाच परत फोन आला. ड्यूटीवरचा माणूस म्हणाला होता, साहेब, ते गाव सुरक्षित आहे, शास्त्रज्ञांनी मोजलेलं आहे. कुबात असानोविच त्याच्याशी भांडले होते म्हणे. तोही भांडला होता. शेवटी सोमवारी माणूस पाठवतो म्हणाला. बर्मेतनं 'बरं' म्हटलं. इतक्या माणसांशी बोलून झालं होतं आणि कुणीच वाईट नव्हतं. सगळे तिच्याच शब्दावर विश्वास ठेवत होते, दोन वर्षांपूर्वीच्या. हात टेकायला तिला भिंतही सापडेना. तालाय गाडीच्या किल्ल्या घेऊन दारात उभा होता आणि बंद घाटात आपण काय करणार हे तोही विचारत नव्हता, नुसताच किल्ल्या वाजवत होता. 'विमान?' तो म्हणाला. विमान संध्याकाळचं होतं. पुढे उझगेन, पुढे कच्चा रस्ता. तरी त्यानं तिकिटं बघायला घेतली.

एवढ्यात फोन वाजला. आईचा होता.

'बर्मेत, माझ्या बाळा,' आई मोठ्यांदा म्हणाली. तिच्या मते बिश्केक लांब असल्यानं मोठ्यांदाच बोलावं लागे. 'कालिस तोंड पाडून फिरतोय. जांबाशचं काहीतरी पुटपुटला नाझिकपाशी. आता बायका विचारायला लागल्यात. मी म्हटलं, त्याला कशाला विचारता, माझी मुलगी वरून बघते ना! थांब हं, मी ते सगळ्यांना ऐकू येईलसं करते. कुठलं गं बटण? हां. बोल.'

पलीकडे शांतता पसरली. अंगणातल्या साठ माणसांची शांतता, तिच्यात एखादी बशी, एखादं खोकणं, एखाद्या पोराला दाबलेलं 'श्श'. बर्मेतला ती सगळी दिसत होती, रुमाल बांधलेल्या म्हाताऱ्या, गुडघ्यांवर हात ठेवलेले म्हातारे, आणि त्यांच्या मागे तो डोंगर. कालिसनं सांगितलं होतं, अपाला सांगू नकोस. कुबात असानोविच म्हणाले होते, शरदात. तिला वाटलं, चौकोन सांगायचा नाही, अंश सांगायचे नाहीत, आईच्या विहिरीवरच्या बायकांना कळेल असं एकच वाक्य सांगायचं. ते तिनं शोधलं. छाती भरून श्वास घेतला आणि ते म्हटलं.

'अपा, जांबाश उभा आहे. चांगलाच उभा आहे.'

मग आईचा आवाज, फोनकडे पाठ करून, अंगणाकडे तोंड करून, हसण्यानं भरलेला: 'ऐकलंत? उभा आहे म्हणते! चांगला उभा आहे! म्हटलं नव्हतं मी? पडत नाही आणि काही नाही!' आणि साठ माणसांचा एकदम सुटलेला श्वास, आणि 'ओमिन', आणि साठ जोड्या तळहात तोंडांवरून खाली आल्याची ती मऊ सळसळ.

'नाही, अपा, तसा उभा नाही, अपा, कड्यासारखा, अपा...' ती ओरडत होती. पण तिकडे कुणीतरी 'दोरी! दोरी!' अशी आरोळी दिली, पोरांचा लोंढा धावला, आणि फोन कापडात गेला. आईनं तो बंद केला नव्हता. बंद करायचं बटण तिला कधी सापडतच नसे, ती तो तसाच कोटाच्या खिशात टाकायची. आता आवाज पाण्याखालून यावा तसा येत होता. धावणारे पाय. सुरी आणा, सुरी. कुणीतरी पहिलं आलं, दोरी कापली गेली असावी, कारण सगळे ओरडले, आणि त्यातून कालिसचा आवाज, 'धर! सोड, सोड त्याला! चालू दे!' आलिनूर चालत होता. बर्मेत आईच्या खिशातून हाका मारत होती. तिनं कालिसला दुसऱ्या फोनवरून लावला, नाझिकला लावला, घंटा वाजत राहिल्या. संगीत सुरू झालं. त्या संगीतातून तिची स्वतःचीच हाक तिला बारीक ऐकू आली, अपा, अपा, आईच्या छातीपाशी, आणि आईनं वरून खिसा थोपटला, जणू तिथं काही खाज सुटली असावी.

तालाय समोर गुडघे टेकून बसला होता. त्यानं तिकिटांचा पडदा तिच्यापुढे धरला होता आणि ती बघत नव्हती. टीव्हीवर चित्र थांबलेलं होतं, पांढऱ्या रुमालातली मुलगी आणि तिच्या डोक्यावर हात ठेवलेले वडील, दोघंही पुन्हा जाडी. फोनमधून पत्र्यावर टपटप ऐकू आलं. आधी थोडी, मग सगळ्या पत्र्यावर. बायका हसत किंचाळल्या, ताटं उचलल्याचा खणखणाट झाला.

'आत या!' कालिसचा आवाज आला, यजमानाचा, मोठा, आनंदी. 'भिजू नका, सगळे आत या! नव्या खोलीत जागा आहे. मागच्या बाजूची, हां, डोंगराकडची. या, या, सगळे मावाल!'

पायांचे आवाज आत गेले. दार ओढलं गेलं. बर्मेतनं ओरडणं थांबवलं आणि फोन कानाशी घट्ट धरला. त्यात आता पाऊस होता आणि पावसाखाली माणसं जेवत होती, कुणीतरी आईला बोर्सोक पुढे करत होतं, आई नको नको म्हणत होती. तालाय काहीतरी विचारत होता. तिनं त्याला हातानं गप्प केलं. आवाज येत होता, तोवर ती सगळी होती.